सांडव्यापुढचं गवत

किसन निरोप घेऊन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. पुसदच्या आमच्या शाळेचं दार बुटकं आहे. तो वाकून आत डोकावला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर गळ्यापर्यंत वाळलेला चिखल दिसला. किसन आमचा गावाकडचा शेजारी, माझ्या धाकट्या भावाचा, सदाशिवचा, लहानपणापासूनचा जोडीदार. "शांताबाई, घरी चाला," एवढंच तो म्हणाला. मी खडू टेबलावर ठेवला आणि विचारलं, "माय का सदाशिव?" तो खाली पाहत राहिला. माय असती तर त्याने लगेच सांगितलं असतं, म्हाताऱ्या माणसाचं मरण सांगता येतं. तो बोलेना तेव्हाच मला कळलं.

दारव्ह्याची मोटार दिग्रसला थांबली तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. तीन दिवस झड लागून होती. तलाव पाळीच्या माथ्यापासून हातभर खाली राहिला होता. जास्तीचं पाणी सांडव्यावरून नाल्यात जायचं, पण सांडव्याच्या तिन्ही दगडी कमानी गवताने बुजल्या होत्या. पाणकणसाच्या मुळांचा, शेवाळाचा आणि कमळाच्या देठांचा गादीसारखा जाड थर उपटून येऊन तिथे बसला होता. सरपंचांनी सदाशिवला बोलावणं धाडलं. विळा घेऊन, कमरेला दोर बांधून तो उतरला आणि दोन कमानी त्याने मोकळ्या केल्या. "दोर मीच धरून होतो," किसन म्हणाला. "तिसऱ्या कमानीपाशी दोर गवतात गुतला. त्यानं मले हात केला अन् गाठ सोडली. मंग गवत एकदमच सुटलं, बाई... त्याच्या संगं तोही गेला."

मी त्याला दोनच प्रश्न विचारले.

"पाण्यात अजून कोण होतं?"

"कोणी नाई."

"अन् पाळीवर?"

"सारं गाव होतं."

माझा भाऊ अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. मधल्या काळात एका वर्तमानपत्रात त्याच्यावर चार ओळी छापून आल्या. गावासाठी त्याने प्राण अर्पण केले, असं त्यात होतं. शाळेतल्या एका बाईंनी ते कात्रण मला मोठ्या मायेने आणून दिलं. त्यांचा दोष नाही. पण ते वाचून मला दुःख झालं नाही, राग आला. ह्या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला जागा दिली आहे, ती मी त्या चार ओळी खोडण्यासाठी वापरणार आहे. सदाशिवने गावासाठी प्राण अर्पण केले नाहीत. पाळ फुटली असती तर गावाच्या ओसरीलासुद्धा पाणी लागलं नसतं, गाव उंचावर आहे. पाळीच्या खाली, नाल्याच्या तोंडाशी, आमची वीस घरं आहेत. ती तिथे आहेत कारण तेवढीच जागा आम्हांला मिळाली होती. तो त्या वीस घरांसाठी उतरला. त्यातल्या एकात माय ज्वारी दळत बसली होती.

त्याच्याविषयी सगळे सांगतात की तो शांत होता. शांत माणूसच तासन्‌तास गरी टाकून बसतो, अशी लोकांची समजूत असते. मी त्याची मोठी बहीण, तो मला 'बाई' म्हणायचा, आणि मी सांगते की त्याच्याइतका रागीट माणूस आमच्या घरात दुसरा झाला नाही. चिडला की तो बोलायचा नाही, कान लाल व्हायचे, आणि काठी उचलून तलावाकडे चालू लागायचा. राग गिळायला त्याला पाणी लागायचं. मासे हे त्यातून निघालेलं दुसरंच काही होतं.

आणि मासे म्हणजे मरळ. बारीकसारीक मासोळ्या कुणीही धरतो, त्याला मरळच हवी असायची, ती काळी, हातभर लांब, सापासारख्या डोक्याची. ती गवतात राहते. वैशाखात तलाव आटत आटत अर्ध्यावर येई, उरलेल्या पाण्यावर शेवाळ आणि कमळपानं दाटत, आणि जाळं टाकावं तर ते फाटून हातात येई. म्हणून तलावातल्या सगळ्यात मोठ्या मरळी सगळ्यात दाट गवतात म्हाताऱ्या होत. सदाशिव भर दुपारी जायचा, पाखरूसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी. मरळीला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते. गवतात कुठेतरी 'गुळुक' असा आवाज होई, मला तो कधी ऐकू आला नाही, त्याला यायचा. मग तो मनात आकडे मोजत उभा राही. दुसऱ्यांदा आवाज झाला की मासा कुठून कुठे सरकतो आहे हे त्याला कळे. गवतात ताटाएवढी मोकळी जागा शोधून तो बांबूची लांब काठी तिच्यावर धरी आणि छोटी बेडकी लावलेली गरी सरळ खाली सोडी. दोरा तो स्वतः वळायचा आणि टेंभुर्णीच्या कच्च्या फळांच्या रसात बुडवून वाळवायचा, म्हणजे पाण्यात कुजत नाही. गरी छत्रीच्या तारेची, दारव्ह्याच्या बाजारात एका लोहाराकडून वाकवून घेतलेली. ह्या सगळ्यासाठी लागणारी चिकाटी म्हणजे शांतपणा नव्हे. दात आवळून धरलेला राग कसा दिसतो ते मी अशा दुपारी पाहिलेलं आहे.

छप्पन साली आमच्या वीस घरांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर आमच्या माणसांनी चावडीवर सांगितलं, मेलेली गुरं आम्ही ओढणार नाही, सांगावे घेऊन फिरणार नाही. सदाशिव तेव्हा विशीचा होता. चावडीवरून येऊन त्याने घरात पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आजपासून मला कुणी 'सद्या' म्हटलं तर मी ओ देणार नाही, माझं नाव सदाशिव आहे. मायला हसू आलं, कारण तीच त्याला सर्वांत जास्त वेळा सद्या म्हणायची. पण त्या दिवसापासून तिनेही पूर्ण नाव घेतलं. गावाने उत्तर द्यायला आठ दिवस लावले. शेतातली कामं बंद झाली, दुकान बंद झालं, आणि तलाव बंद झाला. सांडव्याजवळचा एक कोपरा पूर्वापार आमचा होता. आमच्या बायका तिथे घागरी बुडवत, म्हणून दरसाल चार विळे लावून तो कोपरा साफ ठेवत. "धर्म बदलला नं, आता पाणीही बदला," असं चावडीवर कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. गावाच्या म्हशी त्याच पाण्यात दिवसभर बसून राहत. त्यांना मज्जाव नव्हता.

त्यापुढचा उन्हाळा मी विसरणार नाही. मी तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते, सुटीत घरी आले, तर मायच्या गालाची हाडं वर आलेली. कणगी रिकामी. घर सदाशिवच्या काठीवर चाललं होतं. तलावाच्या पलीकडच्या काठाला जंगल लागतं, तिथे गावाचा शब्द चालत नाही, आणि गावचं कुणी फिरकतही नाही. तो उन्हात दीड कोसाचा वळसा घालून त्या काठाला जाई आणि छातीइतक्या पाण्यात, गवतात उभा राही. आठवड्यात दोन मरळी मिळाल्या तर आम्ही जेवलो. त्याचा एक नियम होता. मरळीची पिल्लं अंड्यातून निघाली की लालसर ठिपक्यांच्या थव्याने पाण्यावर फिरतात आणि त्यांच्या खाली आईबाप राखण करतात. त्या वेळी थव्यात काहीही पडलं तर राखण करणारी मरळ ते भुकेने नाही, चवताळून धरते. म्हणजे तिला पकडणं सोपं. सदाशिव थवा दिसला की तिथून लांब जायचा. त्या उन्हाळ्यात पाच दिवस चूल नीट पेटली नव्हती, आणि सहाव्या दिवशी तो घरी आला तो हातात चार शेराची मरळ घेऊन. त्याने ती मायच्या पुढ्यात टाकली नाही, अंगणात भिरकावली.

"काय झालं?" मी विचारलं.

"राखणीवरची हाये ते."

"मंग?"

"मंग काय... तिले काढलं अन् लहान्या मासोळ्या आल्या. पाहता पाहता सारी पिल्लं खाल्ली त्यायनं. मी उभा राहून पाह्यलं."

मायने मासा उचलला, मातीतला होता तो धुतला, चिरला. आम्ही दोघी जेवलो. मी खोटं सांगणार नाही, मला तो फार गोड लागला. सदाशिव भिंतीकडे तोंड करून बसला होता. माय म्हणाली, "खाऊन घे रे, असं नको करू." तो म्हणाला, "गावानं मले हे कराले लावलं. हे मी त्यायले माफ करत नाई." कामं बंद केली, पाणी बंद केलं, ह्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं होतं. शोकसभेत त्याला क्षमाशील म्हणाले. मी ते वाक्य ऐकलं आणि मला तो भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसला.

पुढच्या वर्षांत बहिष्कार हळूहळू सैल पडला. कपाशी वेचायला हात लागतात, म्हणून कामं सुरू झाली. दुकान उघडलं. तलाव मात्र बंदच राहिला, कारण तो आम्हांला उघडल्यावाचून गावात कुणाचं काही अडत नव्हतं. मला पुसदला नोकरी लागली. दर उन्हाळ्यात मी घरी येई आणि एकदोन दुपारी त्याच्याबरोबर पलीकडच्या काठाला जाई. एकदा त्याने काठी माझ्या हातात दिली. मी नऊवारी खोचून कमरेइतक्या पाण्यात उभी, पायाखाली गाळ, पोटऱ्यांना कमळाचे काटेरी देठ घासताहेत. तो माझ्या मागे उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "सोड... अजून सोड... आता हालू नको." दोरा ताणला गेला तेव्हा माझ्या खांद्यापर्यंत हिसका आला. मी घाबरून काठी बाजूला ओढली. मासा देठांत शिरला, दोन वेढे घेतले, आणि दोरा तुटला. मला वाटलं तो चिडेल. तो पाण्यात बुडी मारून देठ चाचपून आला आणि म्हणाला, "सरळ वर घेतली असती तं आली असती, बाई. गवतात आडवं ओढाचंच नसते. माणूस असो का मासोळी, वेढा बसला का संपलं." त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परत आलो आणि वाटेभर तो मला हसत होता. तो हसायचा, हेही कुणी लिहिलेलं नाही.

परतताना सांडव्यापाशी तो थांबला. आमचा जुना कोपरा पाणकणसाने माणसाच्या उंचीइतका भरला होता. त्याने बोट दाखवलं. "हे पाह्य. आपल्या बाया कापत होत्या तं साफ राहे. आता कोणी कापत नाई. याची मुळं एकमेकात गुतून राह्यली. एखाद्या वर्षी झड लागली का हे सारं उठन अन् कमानीत जाऊन बसन. मंग पाळ फुटन." मी विचारलं, काढायला किती दिवस लागतील? "आत्ता, उन्हाळ्यात, गुडघ्याइतकं पाणी हाये. दहा माणसं, दोन दिवस." दहा माणसं, दोन दिवस. हे शब्द मी तेव्हापासून किती वेळा मनात म्हटले असतील. त्याने सरपंचांना सांगितलं. ते म्हणाले, पाहू. गावातल्या कुणाला उन्हात गवत कापायची हौस नव्हती, आणि आम्ही कापायचं तर आम्हांला पाण्यात उतरू द्यावं लागलं असतं.

ब्लॉकच्या कचेरीतले एक साहेब गावात आले तो उन्हाळा त्यानंतरचा. साहेबांना मरळ आवडते असं कुठूनसं कळलं, आणि अख्ख्या गावात मरळ काढू शकणारा माणूस एकच होता. सरपंचांचा माणूस आमच्या घरी आला. मी दारातच होते. मला वाटलं सदाशिव त्याला हाकलून देईल. तो काठी घेऊन निघाला, आणि मी रागाने पाय आपटत मागून गेले. पाळीवर साहेब, सरपंच, पाचपन्नास माणसं. तो गावासमोर, गावाच्या घाटाने पाण्यात उतरला, पाच वर्षांनी पहिल्यांदा. कुणी त्याला अडवलं नाही. तासाभरात त्याने अशी मरळ काढली की साहेब उभे राहिले. सरपंच म्हणाले, "ठेव तिथं गवतावर." सदाशिवने ऐकलं नाही. तो तसाच ओला साहेबांसमोर गेला आणि दोन्ही हातांत मासा पुढे धरून म्हणाला, "साहेब, हे घ्या. अन् सांडव्यापुढचं गवत काढाले सांगा यायले. आमची घरं खाली हायेत." साहेबांनी मासा हातात घेतला, हे मला सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, "लेखी अर्ज करा, मी पाहतो."

घरी येईपर्यंत मी त्याला बोल बोल बोलले. ज्यांनी पाण्याला शिवू दिलं नाही त्यांच्या पाहुण्याला मासा काहून दिलास? तो काठी कुडाला टेकवत म्हणाला, "मासा नाई देल्ला, बाई. अर्ज देल्ला."

लेखी अर्ज मी लिहिला, माझ्या चांगल्या अक्षरात. वर्षभराने दुसरा लिहिला. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला एका ओळीचं आलं, की प्रकरण ग्रामपंचायतीकडे योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवलं आहे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हाती तो कागद गेला. त्यानंतर एक नवीनच रीत पडली. कुणी साहेब येणार असले की सदाशिवला बोलावणं यायचं, त्या दिवशी तो पाण्यात चालायचा. दुसऱ्या दिवशी तलाव पुन्हा बंद. तो दर वेळी जायचा, दर वेळी नव्या साहेबाला गवताचं सांगायचा. मी म्हणायचे, पुरे कर आता. तो म्हणायचा, एखाद्याच्या तरी कानात जाईन. एकाच्याही गेलं नाही. आणि ज्या दिवशी ते गवत खरंच उठलं आणि कमानीत जाऊन बसलं, त्या दिवशीही त्याला पाण्यात उतरायची परवानगी मिळाली.

शोकसभा शाळेच्या ओसरीत झाली. आमच्या लोकांना गावाने आपणहून बोलावलं, सतरंजीवर पुढे बसवलं. सरपंच बोलायला उठले. "आपला सद्या..." अशी त्यांनी सुरुवात केली. माझ्या शेजारी बसलेली माय दचकली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सदाशिव म्हणा." ते "हो, सदाशिव," म्हणाले आणि पुढे बोलत राहिले. गाव त्याचे उपकार विसरणार नाही. पाळीवर त्याच्या नावाचा दगड बसवू. मग त्यांनी मायला विचारलं, "आजी, तुमची काही इच्छा?" त्यांना वाटलं असावं की ती पदर डोळ्यांना लावेल.

माय बसूनच बोलली. "दगड नोका बसवू. दगड बसवाले माणसं लागतीन नं? तेवढीच माणसं गवत काढाले लावा."

सभा लवकर आटोपली. किसन परतताना माझ्याजवळून चालत होता, आणि म्हणाला की रात्री झोपेत त्याचे हात अजून दोर धरल्यासारखे आवळतात. त्याच्यावर माझा राग नाही. तो एकटाच दोर धरून होता. पन्नास हात मोकळे असताना दोराला दोनच हात का होते, हे मला त्याच्याकडून नको, दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकायचं आहे. साहेबांच्या कचेरीतही मी जाऊन आले. दोन्ही अर्जांच्या नकला त्यांच्या टेबलावर ठेवल्या. ते बदली होऊन नवीनच आले होते, चांगले होते, चहा पाजला. म्हणाले, झालं ते फार वाईट झालं. मी म्हटलं, झालं नाही, होऊ दिलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही.

सदाशिवची एक सवय होती, तिच्यामुळे मला घर नकोसं झालं आहे. कुठूनही आला, बाजारातून, शेतातून, तरी उंबरा ओलांडताना तो तलावाचं पाणी सांगायचा. "पाळीखाली तीन हात." "साडेतीन हात झालं." आम्ही त्याला काही विचारलेलं नसायचं आणि उत्तरही देत नसू. पावसाळ्यात तो ते हळू सांगे, उन्हाळ्यात मोठ्याने. गेल्या शनिवारी मी घरी गेले तर माय घरात नव्हती. दुपार होती. शेजारणीने तलावाकडे बोट केलं. मी पाळीवर गेले. माय गावाच्या घाटाच्या शेवटच्या पायरीवर पोचली होती. मग ती पाण्यात उतरली, घोट्याइतकी, मग गुडघ्याइतकी. काठावर म्हशी धूत असलेले दोघेजण तिच्याकडे पाहत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाळीचा माथा आणि पाणी ह्यांच्यामधलं अंतर तिने हाताने मापून पाहिलं, जरा थांबली, आणि ओल्या लुगड्याने माझ्या शेजारून घराकडे चालू लागली. उंबरा ओलांडताना, आत कुणीच नसताना, ती म्हणाली, "दोन हात खाली हाये."

ती रोज जाते, शेजारीण सांगत होती. अजून कुणी तिला हटकलेलं नाही. मी दसऱ्यापासून महिनाभराची रजा टाकली आहे. रोज तिच्याबरोबर त्या पायऱ्या उतरणार आहे. कुणीतरी एकदा हटकावं.